विज्ञान शाखा : गणित की जीवशास्त्र?

दहावीनंतर विज्ञान शाखेकडे वळणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न असतो तो गणित घ्यावे की जीवशास्त्र, हा. अंबड तालुक्यातील (जि. जालना) अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्याचे गाव. विज्ञानाचे सर्व विषय तेथे एकाच आवारात कामाला लागलेले दिसतात. उसाचे वाण व त्यावरील रोग हा जीवशास्त्राचा भाग. गाळपयंत्रे, बॉयलर व वीजनिर्मितीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. रसाची निवळी, साखरेचे प्रमाण व स्फटिकीकरण हे रसायनशास्त्राचे काम.

गट आणि वाटा

भौतिक, रसायन, गणित (पीसीएम) : अभियांत्रिकी.

भौतिक, रसायन, जीवशास्त्र (पीसीबी) : 'नीट'मार्फत वैद्यकीय, दंतवैद्यकीय व आयुर्वेद.

दोहोंपैकी कोणताही गट : औषधनिर्माणशास्त्र व कृषी पदवी. राज्याची सीईटी दोन्ही गटांसाठी स्वतंत्र होते.

चारही विषय घेतल्यास दोन्ही वाटा खुल्या राहतात. मात्र अभ्यासाचा भार वाढतो.

सोडलेला विषय पुन्हा धरणे अवघड असते. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांना 'नीट'ची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये दिली; तरी त्यात वेळ आणि पैसा खर्ची पडतोच.

रसायनशास्त्र दोन्ही गटांत आहे. त्यात पदवी घेणाऱ्यांना साखर उद्योगातील प्रयोगशाळांचे क्षेत्र खुले होते. या उद्योगाचे शिक्षण व संशोधन करणारी मांजरी (पुणे) येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ मध्ये स्थापन झाली. त्यामुळे मित्राने कोणता गट घेतला यापेक्षा, कोणत्या विषयाचा अभ्यास कंटाळा न येता होतो, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहिलेले बरे.