पावसाळ्यात कॅराव्हॅनने उरण: कुटुंबासह निघण्याआधी काय माहीत हवं?

कॅराव्हॅन म्हणजे झोपायची सोय आणि छोटं स्वयंपाकघर असलेली गाडी. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर गर्दी नसते, त्यामुळे मुंबईकरांना उरण सोयीचं वाटतं. शिवडीहून २१.८ किमीचा अटल सेतू (उद्घाटन १२ जानेवारी २०२४) ओलांडला की चिर्ले, तिथून उरण जवळच.

अडचण येते ती पुढे. किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबागला जाऊ म्हणाल तर करंजाला धरमतरची खाडी आडवी येते. पलीकडचं रेवस समोर दिसतं, लाँचही जाते. पण ती माणसांसाठी, कॅराव्हॅनसाठी नाही. इथल्या पुलाची चर्चा बॅ. अंतुलेंच्या काळापासूनची! गाडीला पेण-वडखळ असा वळसाच घ्यावा लागतो.

दुसरा मुद्दा मुक्कामाचा. पिरवाडीच्या वाळूत गाडी उतरवू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. त्यात पाऊस आणि वारा असला की पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि ओल्या वाळूत रुतलेली जड गाडी भरतीआधी निघेलच असं नाही. रात्र पक्क्या, उंच जागेवर, परवानगी घेऊनच काढावी. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून कालची वेळ आज धरू नये. मुलांना पाण्यात सोडणं तर नकोच.

आणि ताजी मासळी? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा बाजारात सुकटीवरच भर ठेवलेला बरा.