कापडी बिल्ल्याची पारख

कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळीसारख्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या सैनिक दिले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४५ या काळात, मराठा पलटणी इटलीत जर्मन सैन्याशी लढल्या. अशा एखाद्या घरच्या ट्रंकेत जर्मन गणवेशावरची कापडी खूण सापडली, तर ती ओळखायची कशी?

आधी रंग पाहू. खांद्यावरच्या पट्टीची किनार पांढरी असेल तर पायदळ, तांबडी असेल तर तोफखाना, काळी असेल तर इंजिनिअर दल. पण हुबेहूब नकलाही पुष्कळ होतात. मग आपण अतिनील दिवा घेतो. कापड शुभ्र दिसावे म्हणून वापरली जाणारी रसायने युद्धानंतर सर्रास आली. ती या प्रकाशात निळसर चकाकतात. म्हणजे चकाकणारा धागा नकली?

इतकी घाई नको. धुण्याच्या पावडरीतही हीच रसायने असतात. आजीने मायेने धुतलेला अस्सल बिल्लाही चकाकेल! उलट, न चकाकणारा प्रत्येक धागा जुना असतोच असे नाही.

म्हणून बिल्ला धुऊ नये. तो कोणी, कुठून, केव्हा आणला, हे विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे. ते कोणताही दिवा दाखवणार नाही.