जुन्या बुलेट-राजदूतचा पुढचा शॉकअप बदलताय? आधी पाईप तपासा, चकाकी नंतर बघा

वडूज : गोठ्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली आजोबांची बुलेट, राजदूत किंवा येझदी बाहेर काढून नव्याने उभी करायची हौस अनेकांना असते. खर्च मात्र आधी रंग, सीट आणि सायलेन्सरवर होतो. पुढचा शॉकअप राहतो शेवटी. ब्रेक दाबला की गाडीचा सगळा भार पुढं येतो आणि तो याच दोन पाईपांवर पडतो. म्हणून निवड इथूनच सुरू करावी.

जुना माल तपासा

गाडी मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचलावं. चाकाजवळ शॉकअपचे बॉटम धरून पुढे-मागे हलवावं. खटखट जाणवली तर कोनसेट ढिला आहे किंवा बुश झिजले आहेत. हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवताना मध्येच खाचेत अडकल्यासारखं वाटलं, तर कोनसेट बदलावाच लागतो. नुसता नट आवळून भागत नाही. उलट जास्त आवळला की गाडी डोलायला लागते.

पाईपवर तेल दिसलं की लगेच नवीन ऑईल सील टाकलं जातं. पाईपला गंजाचे खड्डे असतील तर तेच सील थोड्याच दिवसांत फाटतं. नखाला खड्डा लागला तर पाईप घासून हार्ड क्रोम करून मूळ मापावर आणावा, नाहीतर नवा घ्यावा. शोभेचं क्रोम इथं चालत नाही. पाईप जाड काचेवर लोळवून बघावा. खालून उजेड दिसला तर तो वाकलाय. कड पडलेला पाईप सरळ करत बसू नये, भंगारात द्यावा.

माप घेऊनच खरेदी

दुकानात ‘बुलेटचा द्या’ एवढं सांगून भागत नाही. बुलेटचं उत्पादन आजही सुरू असल्याने सुटे भाग मिळतात, पण ड्रम ब्रेकच्या जुन्या गाडीचा आणि डिस्कच्या नव्या गाडीचा बॉटम वेगळा असतो. म्हैसूरची जावा-येझदी १९९६ मध्ये बंद पडली. तिच्यासाठी जुना नमुना सोबत न्यावा. पाईपची जाडी आणि लांबी, सीलचा आतला-बाहेरचा व्यास, एक्सलची जाडी व्हर्नियरने मोजून लिहून घ्यावी. स्प्रिंग, सील, बुश कायम जोडीनेच बदलावेत. तेलही दोन्हीकडे सारखंच, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानं भरावं. पुसेगाव, दहिवडी, मायणीकडे धुळीच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीला रबरी बूट बसवले तर सील जास्त टिकतं.

लांब शॉकअपची हौस

कस्टम गाडी दिसायला लांब हवी म्हणून पाईप वाढवले की फोर्क जास्त कलतो. सरळ रस्त्यावर गाडी शांत वाटते, पण बाजारातल्या गर्दीत हँडल जड होतं. आखूड केले तर हँडल नको तेवढं चपळ होतं. पाईपला जोड देऊन वेल्डिंग तर अजिबात करू नये. तो जोड ब्रेक मारतानाच तुटण्याची भीती असते.

कागदपत्रांचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या दुचाकीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. असा क्रमांक घेतलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

त्यामुळं गाडी रोज पळवायची, की व्हिंटेज म्हणून जपायची, हे आधी ठरवावं. जपायची असेल तर काढलेला मूळ भाग भंगारवाल्याला देऊ नये. तेल लावून, पोत्यात बांधून ठेवावा.