हिंगोलीच्या छावणीतील एक परवाना

निजामाच्या मुलुखात इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली जी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, तिची एक छावणी हिंगोलीस होती. ती फौज १९०३ साली हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली, तरी हिंगोलीतील रिसाला बाजार या नावात तिची खूण आजही टिकून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे, आणि त्याच्याशी खुद्द गोऱ्या अंमलदारांचा देवघेवीचा व्यवहार होता. मुंबईहून कापड आणावयाचे आहे, सबब परवाना मिळावा, असा अर्ज त्याने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे केला, आणि अशा पतदार गृहस्थाविषयी शंका घेण्यास काहीच कारण न दिसल्यामुळे तो मंजूरही झाला. वस्तुतः ते कापड जवळच्याच एका गावच्या व्यापाऱ्याचे होते व तो माल घेऊन येत असल्याची खबर हरिसिंगास होती. त्याने त्या व्यापाऱ्याचा, त्याच्या चाकरांचा आणि जनावरे हाकणाऱ्यांचा खून केला, त्याच परवान्यावर माल हिंगोलीस आणला व छावणीत राजरोस विकला. हरिसिंग हा ठगांचा म्होरक्या होता. पकडला गेल्यावर त्याने आपण होऊन जबानी दिली नसती, तर हे कृत्य कायमचे गुप्तच राहिले असते.

ही हकीकत मेडोज टेलर या इंग्रज अंमलदाराने १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’च्या प्रस्तावनेत नोंदविली आहे. छावणीच्या पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, एका कोरड्या ओहोळाच्या पात्रात, माफीच्या साक्षीदारांनी एकामागून एक जागा दाखवाव्यात आणि प्रत्येक खड्ड्यातून अनेक प्रेते निघावीत, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले. अखेर पाहणाऱ्यांना शिसारी येऊन शोध थांबवावा लागला.

परवाना बनावट नव्हता, सही खरी होती, अर्जदारही परिचयाचा होता. चौकशी मात्र झाली नव्हती. स्लीमन या इंग्रज अंमलदाराने ठगांचा बीमोड केला तो याच उणिवेवर बोट ठेवून: साक्षीदारांच्या जबान्या वेगवेगळ्या घेऊन त्या परस्परांशी ताडून पाहावयाच्या आणि ठगांच्या वंशावळी लिहून काढावयाच्या, ही त्याची रीत होती.

परवाना देण्यापूर्वी माणूस पारखण्याचा हाच प्रश्न पारपत्राच्याही बाबतीत येतो. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश पारपत्रावर छायाचित्र आले, १९२० साली हिंदुस्थानात पारपत्राचा कायदा झाला, आणि परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिल्यावर १९६७ साली आजचा अधिनियम अमलात आला. आज हिंगोलीचा अर्जदार पारपत्र सेवा केंद्रात टोकन घेऊन बसतो, पहिल्या खिडकीवर छायाचित्र व बोटांचे ठसे देतो, पुढच्या खिडकीवर अस्सल कागद दाखवितो, आणि मग पोलीस ठाण्याकडे पडताळणीचा कागद जातो. या अखेरच्या पायरीचा लोकांना फार जाच वाटतो. मला मात्र तीच सर्वांत मोलाची वाटते, कारण छायाचित्र व ठसे यांवरून माणूस कोण हे कळते, त्याचे वर्तन कळत नाही.

अर्जात ओळखीच्या दोघांची नावे द्यावी लागतात. असे नाव आपले असेल आणि पोलीस चौकशीला आले, तर भिडेखातर होकार देऊ नये. ठाऊक असेल तेवढेच, आणि खरे, सांगावे.