कचेरीची पायरी आणि देवळाची पायरी
(दादासाहेब खापर्डे यांचा उदय आणि वऱ्हाडातील अस्पृश्यता)



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपण आपल्या महापुरुषांचे गुणगान करतो, आणि ते केलेच पाहिजे. पण ज्या व्यवस्थेशी ते झगडले त्या व्यवस्थेत बाकीची माणसे कशी मोठी झाली, याचाही अभ्यास व्हायला हवा. दुष्ट माणूस अन्याय करतो, हे लहान पोरालेही समजते. पण शिकलेला, दिलदार, देशभक्त माणूस अन्यायाच्या व्यवस्थेत एकेक पायरी वर चढत जातो आणि खाली कोण उभे आहे ते त्याला दिसतच नाही, हे समजायला इतिहास वाचावा लागतो. याचे उदाहरण शोधायला लांब जायचे कारण नाही. ते आपल्या अमरावतीतच आहे.

गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांचा जन्म १८५४ चा. आधीच्याच वर्षी, म्हणजे १८५३ मध्ये, निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला होता. नवा कारभार म्हणजे नव्या कचेऱ्या, नवी कोर्टे आणि इंग्रजी शिकलेल्या माणसांची गरज. दादासाहेब हुशार होते. संस्कृत आणि इंग्रजी दोन्हींत तयार. १८८४ मध्ये ते कायद्याची परीक्षा पास झाले आणि १८८५ ते १८९० या काळात वऱ्हाडातच मुन्सफ व असिस्टंट कमिशनर म्हणून सरकारी नोकरीत राहिले. पुढे नोकरी सोडून त्यांनी अमरावतीत वकिली सुरू केली. ती अशी चालली, आणि त्यांचा पाहुणचार असा मोठा होता, की लोक त्यांना 'वऱ्हाडचे नवाब' म्हणू लागले.

अमरावतीच्या स्थानिक कारभारातही त्यांचा शब्द चालू लागला. १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष दादासाहेबच होते. ते लोकमान्य टिळकांचे जिवलग सहकारी. टिळकांच्या खटल्याच्या कामासाठी ते १९०८ मध्ये थेट विलायतेला गेले. पुढे दिल्लीच्या कायदेमंडळात आणि मग कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले. इंग्रज सरकारशी बोलताना त्यांची जीभ कधी अडखळली नाही. हे त्यांचे मोठेपण आपण मोकळ्या मनाने मान्य करू.

आता दुसरी बाजू पाहू. ज्या वर्षांत दादासाहेब न्यायासनावर बसत होते, त्याच वर्षांत वऱ्हाडातल्या गावोगावी महारवाडा गावकुसाबाहेर होता. पाणवठा वेगळा, देवळाची पायरी बंद. आपली म्हातारी माणसे सांगत, "विहीर डोयासमोर, पन दोर टाकाची सोय नाही." इंग्रज सरकार काय करत होते? १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिलेले. त्याच्या आडोशाला सरकार स्वस्थ बसले. सरकारला शांतता हवी होती आणि वरच्या जातींना आपली रूढी. यात दोघांचेही भागले.

मताचा अधिकारही मालमत्ता आणि कर यांवर ठरे. कौन्सिल ऑफ स्टेट सुरू झाले तेव्हा सबंध देशात त्याचे मतदार वीस हजारसुद्धा नव्हते. ज्याच्याजवळ ना शेत ना वाडा, त्याचे मत कुठून असणार? प्रांतिक कायदेमंडळात गणेश आकाजी गवई यांच्यासारखे अस्पृश्य समाजाचे कार्यकर्ते गेले, तेही सरकारी नेमणुकीने. म्हणजे दादासाहेब ज्या शिडीने चढले, ती आपल्या आजोबा-पणजोबांसाठी टेकवलेलीच नव्हती. त्यामुळे वर चढणाऱ्यालाही आपल्या मतांची गरज पडली नाही, आणि आपल्या दुःखाची विचारपूसही करावी लागली नाही.

हा प्रश्न अखेर त्यांच्या दारात आला १९२७ साली. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून आपल्या लोकांनी चळवळ उभारली. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष होते परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी बाबासाहेबांना मिळाली. दुःख गिळून त्यांनी काम पुढे चालविले. मंदिराच्या पंचांकडून, दादासाहेब खापर्डे यांच्यामार्फत, मुदत मागण्यात आली आणि सत्याग्रह पुढे ढकलला गेला.

इंग्रजांकडे 'स्वराज्य आत्ताच द्या' म्हणणारा नेता आपल्याच गावच्या देवळापुढे 'जरा थांबा' म्हणतो! त्र्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात जे कधी विचारावे लागले नव्हते, ते एका दिवसात कसे सुचणार? त्याच अमरावतीत तरुण बॅरिस्टर पंजाबराव देशमुख मात्र या चळवळीच्या बाजूने उघड उभे राहिले. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे पाऊल उचलले. गाव तेच, काळ तोच. म्हणून 'काळच तसा होता' ही सबब पुरी पडत नाही.

जगातही असेच घडले. दक्षिण आफ्रिकेत १९४८ पासून वर्णभेद हेच सरकारचे धोरण झाले. तिथले एफ. डब्ल्यू. डी क्लर्क हे असेच वकील, जुन्या वळणाचे. १९७२ मध्ये खासदार, १९७८ मध्ये मंत्री, १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष. सगळ्या पायऱ्या वर्णभेदी सरकारातच चढले. पण फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांनी नेल्सन मंडेलांना सोडले आणि १९९४ च्या निवडणुकीत काळ्या माणसाने पहिल्यांदा मत दिले. अर्थात दार काही त्यांच्या दयेने उघडले नाही. मंडेलांची सत्तावीस वर्षांची कैद आणि असंख्य लोकांचे बलिदान त्यामागे होते.

बाबासाहेबांनी अंबादेवीनंतर महाडला मनुस्मृती जाळली, नाशिकला काळारामाचा सत्याग्रह केला, आणि शेवटी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला बुद्धाच्या मार्गावर आणले. आज हिवरखेडच्या आपल्या विहारात यायला कोणाकडे मुदत मागावी लागत नाही.

आता आपलीही पोरे कचेरीत, शाळेत, ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत खुर्चीवर बसतात. याचा अभिमान आहेच. पण त्यांना एकच विनंती. खुर्चीवर बसल्यावर एकदा दाराकडे पाहा. बाहेर कोण उभे आहे? आपल्या समाजाची एखादी विधवा माय असेल, पारधी असेल, दुसऱ्या कोण्या जातीचा गरीब असेल. त्याला 'जरा थांबा' म्हणू नका. ते वाक्य आपण फार ऐकले आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!