शिडाच्या नौकेतील विजेची पेटी

२२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात ‘सुहेली’ ही बत्तीस फुटी शिडाची नौका परतली, आणि एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य म्हणून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचे नाव इतिहासात नोंदले गेले. ही नौका आपल्या मुंबईची! सागवानी लाकूड वाकसाने तासून येथील सुतारांनी ती घडवली होती. ३१२ दिवसांच्या या प्रवासाचे पुष्कळ गुणगान झाले आहे. तिच्या पोटातल्या बॅटरीची आठवण मात्र फारसे कोणी काढत नाही.

दक्षिण महासागराच्या तोंडाशी असताना त्या बॅटरीचे आम्ल तपासताना शिंतोडे उडाले ते नेमके नॉक्स-जॉन्स्टन यांच्या डोळ्यात. उपचारासाठी डर्बनला वळावे की डोळ्याची आशा सोडून पुढे जावे, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. ते पुढे गेले. डोळा वाचला, पण रेडिओचे प्रक्षेपण यंत्र निकामी झाले आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ दिसल्यानंतर एप्रिलपर्यंत त्यांचा ठावठिकाणा जगाला नव्हता.

शिशाची ही बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शोधली. मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकासाठी हातगाडीवरून ती वाहून नेताना माझ्या झग्याला पडलेली भोके मी विसरलेलो नाही. जमिनीवर झगाच जातो. समुद्रात मात्र खारे पाणी त्या आम्लात शिरले, तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. शिवाय ती निम्म्याहून अधिक वापरली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे वजन पुऱ्याचे वाहायचे आणि वीज निम्मीच घ्यायची. वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेत हे ओझे कोणाला परवडेल?

लिथियम हा सर्वांत हलका धातू. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी त्याचा पुनर्भारित होणारा घट सिद्ध केला, १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा मार्ग दाखवला, १९८५ साली जपानच्या अकिरा योशिनो यांनी त्याला सुरक्षित रूप दिले आणि १९९१ साली तो बाजारात आला. तिघांनाही २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले; तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

तरीही खलाशी बिचकत राहिले, आणि मला वाटते ते योग्यच होते. कोबाल्टचा घट अतिशय तापला की स्वतःच प्राणवायू सोडतो आणि आगीला खतपाणी घालतो. घराला आग लागली तर अंगणात पळता येते. भरसमुद्रात अंगण कोठून आणावे? याचे उत्तरही गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतून निघाले. अक्षय पाढी या सहकाऱ्यासह त्यांनी १९९७ साली लोह फॉस्फेटचा घट मांडला. फॉस्फेट प्राणवायूला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे हा घट सहजासहजी पेटत नाही. चार घट जोडले की १२.८ व्होल्ट मिळतात, म्हणजे नौकेवरील जुनी उपकरणे तशीच चालतात. शंभर अँपिअर-अवरची शिशाची पेटी साधारण तीस किलोची, तर ही बाराच्या आसपास; आणि हिच्यातील ऐंशी टक्के वीज निर्धास्त वापरता येते. स्वयंचलित सुकाणू, रडार, दिवे ही सारी त्या विजेवर रात्रभर जागी राहतात.

पण नव्या पाहुण्याचे लाड पुरवावे लागतात. ही बॅटरी वीज इतक्या अधाशीपणे ओढते की इंजिनावरचा अल्टरनेटर तापून जळू शकतो. संरक्षक यंत्रणेने संकट ओळखून बॅटरी एकाएकी तोडली, तर भार नाहीसा होऊन त्याच अल्टरनेटरचे डायोड फुटतात. गोठणबिंदूखाली ती भारित करणेही वर्ज्य. म्हणून अनुभवी खलाशी इंजिन सुरू करण्यासाठी शिशाची एक जुनी पेटी अद्याप जवळ ठेवतात. थोरल्या भावाला घराबाहेर न काढता धाकट्याला कारभार द्यावा, तशीच ही व्यवस्था!

‘सुहेली’च्या सफरीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१८ साली, त्याच काळची साधने वापरण्याच्या अटीवर पुन्हा शर्यत झाली. गोव्यात बांधलेली ‘तुरिया’ ही सुहेलीचीच प्रतिकृती घेऊन अभिलाष टॉमी तीत उतरले होते. २१ सप्टेंबरला हिंदी महासागरातील वादळात तिचे डोलकाठे मोडले आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. उठताही येत नसताना त्यांनी उपग्रहामार्फत चालणाऱ्या छोट्या यंत्रावरून मदतीचे संदेश पाठवले. तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज त्यांच्यापाशी पोहोचले.