दूरचित्रवाणीवरील संवादकार्यक्रमांचे अभिलेख

दूरचित्रवाणीवर सूत्रधाराने निमंत्रितांशी केलेल्या संभाषणांची, प्रक्षेपणानंतरही जतन करून ठेवलेली ध्वनिचित्रमुद्रणे. छापील मुलाखतीत न उतरणारे उच्चार, विराम, हावभाव व बोलीचे विशेष त्यांत टिकून राहत असल्याने समकालीन इतिहासाचे साधन म्हणून त्यांना महत्त्व आहे. तथापि असे अभिलेख सर्व काळांचे व सर्व प्रदेशांचे सारख्या प्रमाणात उपलब्ध नाहीत. काय टिकले, हे पुष्कळदा संभाषणाच्या मोलावर नव्हे, तर फितीच्या किंमतीवर व मुद्रणगृहाच्या स्थानावर अवलंबून राहिले.

या कार्यक्रमप्रकाराची घडण मुख्यतः अमेरिकेत झाली. एनबीसी या संस्थेने १९५४ मध्ये देशभर दाखविण्यास सुरुवात केलेला ‘द टुनाइट शो’ हा रात्री उशिराचा कार्यक्रम त्याचा नमुना ठरला. स्टीव्ह ॲलन, जॅक पार व जॉनी कार्सन (१९६२–९२) हे त्याचे सुरुवातीचे प्रमुख सूत्रधार. प्रारंभी चित्रनलिकेवरील दृश्य चित्रपटाच्या कॅमेऱ्याने टिपून ठेवीत. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने व्यवहारोपयोगी चित्रफीतयंत्र आणले. त्याची सु. ५ सेंमी. रुंदीची चुंबकीय फीत महाग होती. पण ती पुसून पुन्हा वापरता येई. जी सोय होती तीच अभिलेखांच्या मुळावर आली. कार्सन यांच्या पहिल्या दहा वर्षांतील बहुतेक कार्यक्रम अशा रीतीने पुसले गेले. त्यानंतरच्या फिती कॅनझस राज्यातील एका भूमिगत मिठाच्या खाणीत ठेवण्यात आल्या. तेथील कोरडी हवा व स्थिर तापमान फितींना मानवते.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला व मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. प्रारंभीचे प्रक्षेपण सायंकाळच्या थोड्या तासांपुरते असल्याने रात्री उशिराचा स्वतंत्र कार्यक्रमप्रकार येथे रुजला नाही. मुलाखतींनी मात्र लवकरच मूळ धरले. तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा हिंदी कार्यक्रम मुंबई केंद्रावरून १९७२ ते १९९३ पर्यंत चालला. मराठीत ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ या कार्यक्रमातून साहित्यिक व कलावंतांच्या मुलाखती सादर झाल्या. येथेही फितींचा तुटवडा होता व त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे आरंभीचे पुष्कळ कार्यक्रम नष्ट झाले. उरलेल्यांपैकी काहींचे अंकीय रूपांतर करून प्रसार भारतीने ते लोकांसाठी खुले केले आहेत.

फीत पुसली गेली नाही, तरी ती आपोआप टिकते असे नाही. चुंबकीय कण धरून ठेवणारे बंधक द्रव्य हवेतील आर्द्रता शोषून चिकट होते आणि फीत यंत्रात अडकते. अशी फीत मंद उष्णतेत ठेवून तात्पुरती वाचनक्षम करता येते. परंतु ती वाचणारी जुनी यंत्रे व त्यांचे जाणकार दोन्ही दुर्मिळ झाले आहेत. शिवाय वक्ता, स्थळ व दिनांक यांची नोंद नसलेली फीत हाती असूनही निरुपयोगी ठरते.

या इतिहासातील प्रादेशिक विषमता बीड जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मुंबई केंद्र सुरू झाले त्या वेळी बीडसह मराठवाडा १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात होता. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या लोकांपर्यंत मुंबईचे प्रक्षेपण पोहोचत नव्हते आणि त्यांचे बोलणे टिपणारे मुद्रणगृहही जवळपास नव्हते. पुढे अंबाजोगाई येथील उच्चशक्ती प्रक्षेपकामुळे दूरदर्शनचे कार्यक्रम या भागात दिसू लागले. परंतु असा प्रक्षेपक इतरत्र तयार झालेले कार्यक्रम ग्रहण करून पुढे पाठवितो. परिसरातील संभाषण मुद्रित करून साठविणे हे त्याचे कार्य नव्हे. त्यामुळे जिल्हा प्रेक्षक झाला, वक्ता झाला नाही. २०२२ पर्यंत दूरदर्शनने देशातील बहुतेक सदृश भूप्रक्षेपक बंद केले.

बीडमधील सामान्य स्त्रियांचा आवाज जतन झाल्याचे ठळक उदाहरण त्यामुळे दूरचित्रवाणीबाहेरचे आहे. गी पॉइटवँ व हेमा राईरकर यांनी चालविलेल्या जात्यावरील ओव्यांच्या संकलनप्रकल्पात महाराष्ट्रातील १ लाखाहून अधिक ओव्या लिहून घेण्यात आल्या. त्या प्रकल्पात बर्नार बेल यांच्या साहाय्याने १९९६ मध्ये माजलगाव येथील दलित स्त्रियांचे गायन ध्वनिमुद्रित झाले; त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्या आहेत. गाणारीचे नाव व गाव यांची नोंद ओवीबरोबर ठेवल्याने हा संग्रह पुढील अभ्यासकांना उपयोगी पडला. त्यासाठी मोठे मुद्रणगृह लागले नाही. ध्वनिमुद्रक, नोंदवही व गावात जाणारी माणसे पुरेशी ठरली.